पोलीस कारवाईनंतरचा नांदेड-लातूर परिसर : स्त्रियांवरील अत्याचार आणि लष्करी उत्तरदायित्वाचा प्रश्न

प्रस्तावना :
हैदराबाद मुक्तिसंग्रामाविषयी मराठीत मौलिक लेखन झाले आहे. स्वामी रामानंद तीर्थ, अनंत भालेराव, नरहर कुरुंदकर यांच्या लेखनातून निजामाची राजवट, रझाकारांचा उच्छाद आणि जनतेचा लढा यांचा इतिहास पुढे आला. १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो आणि ते उचितच आहे. तथापि, त्यानंतरच्या काही आठवड्यांत नांदेड जिल्ह्यात व लातूर परिसरात स्त्रियांच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला. तक्रार गणवेशधारी व्यक्तीविरुद्ध असेल, तर स्त्रीने दाद कोणाकडे मागावी, हा त्या प्रश्नाचा गाभा होय. प्रस्तुत लेखात १९४८ च्या अनुभवाच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
त्या काळी लातूर हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्याचा भाग होता. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. रझाकार संघटनेचे नेते कासिम रझवी हे लातूरला वकिली करीत. गावागावांतून खंडणी वसूल करणे आणि विरोध झाल्यास लूट, जाळपोळ, खून करणे ही रझाकारांची रीत होती. बलात्कार व स्त्रियांचे अपहरणही त्यातून सुटले नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गमार्गे संस्थानात शिरले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. दुसऱ्या दिवशी संस्थानी सैन्याचे प्रमुख एल एद्रुस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे औपचारिक शरणागती पत्करली. चौधरी हेच पुढे लष्करी प्रशासक झाले. रझाकारांविषयीचा साठलेला रोष आता सर्वसामान्य मुस्लिम जनतेवर उसळला.

सुंदरलाल समितीची नोंद :
या घटनांची माहिती घेण्यासाठी पंतप्रधान नेहरूंच्या पुढाकाराने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांचे शिष्टमंडळ नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरले. १६ पैकी ९ जिल्ह्यांना त्यांनी भेटी दिल्या आणि न पाहिलेल्या १०९ गावांतील ५०० हून अधिक लोकांशी बोलणे केले. संपूर्ण संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या चार जिल्ह्यांना बसली. तेथील मृतांची संख्या त्यांनी १८ हजारांहून कमी धरली नाही. लातूर शहरात हत्याकांड वीस दिवसांहून अधिक काळ चालले आणि सुमारे दहा हजार मुस्लिम वस्तीपैकी जेमतेम तीन हजार लोक उरले होते, असेही त्यांनी नोंदविले. या आकड्यांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु अत्याचार घडले याविषयी दुमत नाही.

स्त्रियांच्या दृष्टीने या अहवालातील दोन नोंदी महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, हत्यांबरोबरच बलात्कार व अपहरणे झाली आणि काही स्त्रियांना संस्थानाबाहेर सोलापूर, नागपूरसारख्या शहरांत नेण्यात आले. दुसरी नोंद अधिक अस्वस्थ करणारी आहे. लष्कराचे व स्थानिक पोलिसांचे काही लोक लुटीत आणि इतर गुन्ह्यांत सामील होते, याचा निर्विवाद पुरावा मिळाल्याचे समितीने म्हटले आहे. सैनिकांविरुद्ध विनयभंगाच्या व मुली पळविल्याच्या तक्रारी विरळ नव्हत्या. एका जिल्ह्यात तर तहसीलदाराच्या पत्नीचीही विटंबना झाली. महसूल खात्यातील अधिकाऱ्याच्या घराची ही स्थिती असेल, तर खेड्यातील विणकराच्या वा शेतमजुराच्या घराची कल्पना सहज करता येते. हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुस्लिम कुटुंबांना वाचविल्याची उदाहरणेही समितीने नोंदविली आहेत.

उत्तरदायित्वाची कोंडी :
याच समितीने जनरल चौधरी यांच्या निःपक्षपाती वृत्तीचा गौरव केला आहे. या दोन गोष्टी वरकरणी विसंगत वाटल्या, तरी त्यांतूनच प्रश्नाचे खरे स्वरूप उलगडते. सेनापती सज्जन होता. तरीही त्याच्या हाताखालील काही लोकांविरुद्ध गंभीर तक्रारी होत्या. म्हणजेच व्यक्तीचा सज्जनपणा हा व्यवस्थेला पर्याय ठरू शकत नाही. या मोहिमेला ‘पोलीस कारवाई’ असे मुलकी नाव देण्यात आले, परंतु नंतरचा कारभार १९४९ च्या अखेरपर्यंत लष्करी प्रशासकाकडे राहिला. परिणामी ज्या दलातील माणसांविरुद्ध तक्रार, त्याच दलाच्या प्रमुखाच्या हाती प्रशासन, अशी परिस्थिती निर्माण झाली. अशा वेळी पीडित स्त्रीने कोणाच्या दारात जावे?

गृहमंत्री सरदार पटेल यांना समितीचे निष्कर्ष मान्य झाले नाहीत आणि अहवाल प्रसिद्ध झाला नाही. त्यातील काही भाग १९८८ मध्ये उमर खालिदी यांच्या संपादित ग्रंथातून पुढे आला. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयातील प्रत २०१३ च्या सुमारास चर्चेत आली. कासिम रझवी यांच्यावर खटला चालून त्यांना शिक्षा झाली. गणवेशधारींविरुद्धच्या तक्रारी मात्र अप्रकाशित कागदांतच राहिल्या.

अपहृत स्त्रिया आणि कायद्याची सीमा :
फाळणीच्या काळात पळविल्या गेलेल्या स्त्रियांच्या शोधासाठी १९४९ मध्ये अपहृत व्यक्ती (परतफेड व पुनःस्थापना) कायदा झाला. १ मार्च १९४७ ते ३१ डिसेंबर १९४८ या काळात कुटुंबापासून दुरावलेली कोणत्याही वयाची मुस्लिम स्त्री त्याच्या व्याख्येत येत होती. म्हणजे कालमर्यादा आणि वर्णन या दोन्ही कसोट्यांवर नांदेड-लातूरची अपहृत स्त्री त्यात बसत होती. परंतु हा कायदा संयुक्त प्रांत, पूर्व पंजाब, दिल्ली, पतियाळा व पूर्व पंजाब संस्थानांचा संघ आणि राजस्थान एवढ्यांनाच लागू होता. हैदराबाद, सोलापूर, नागपूर यांपैकी एकही ठिकाण त्याच्या कक्षेत नव्हते. त्या कायद्यात स्त्रीच्या स्वतःच्या इच्छेला पुरेसे स्थान नव्हते, हा दोष मान्य केला तरी मराठवाड्यातील स्त्रीला ते सदोष संरक्षणही लाभले नाही. सर्वसाधारण फौजदारी कायदा उपलब्ध होता. पण त्यासाठी तक्रारदार पुढे यावा लागतो. घर जळालेले, कर्ता पुरुष मारला गेलेला आणि अब्रूची भीती, अशा स्थितीत तक्रार होणे दुरापास्तच होते.

नंतरची वाटचाल :
१९५० च्या सैन्य कायद्याच्या कलम ७० नुसार सैनिकाने नागरिकावर केलेल्या बलात्काराचा खटला एरवी लष्करी न्यायालयात चालत नाही; परंतु सक्रिय सेवेत, भारताबाहेर वा सरहद्दीवरील ठाण्यावर असताना तो तेथे चालू शकतो. न्यायमूर्ती वर्मा समितीने २०१३ मध्ये असे गुन्हे सामान्य फौजदारी कायद्याखाली आणण्याची शिफारस केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने तैनातीच्या प्रदेशात सशस्त्र दलाच्या सदस्याने केलेला बलात्कार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४ मध्येही ही तरतूद आहे. सशस्त्र दले विशेषाधिकार कायद्यातील पूर्वपरवानगीची अट मात्र २०१३ च्या दुरुस्तीने हटविली नाही.

१९९२ पासून स्त्रिया अधिकारी म्हणून सैन्याच्या विविध शाखांत दाखल होऊ लागल्यावर हाच प्रश्न दलाच्या अंतर्गतही उभा राहिला. अमेरिकेत २०२१ च्या कायद्याने लैंगिक अत्याचाराचा खटला चालविण्याचा निर्णय पलटणीच्या अधिकाऱ्याकडून काढून स्वतंत्र लष्करी अभियोक्त्यांकडे सोपविण्यात आला आणि डिसेंबर २०२३ पासून ही व्यवस्था सुरू झाली. तक्रारीचा निवाडा अधिकारश्रेणीबाहेर व्हावा, हे तत्त्व तेथेही दीर्घ संघर्षानंतरच स्वीकारले गेले.

निष्कर्ष :
रझाकारांनी केलेले अत्याचार आणि त्यानंतरचे अत्याचार यांची एकमेकांशी वजाबाकी करता येत नाही. दोन्हीकडची पीडित स्त्री मराठवाड्याचीच होती. तिच्या दुःखाचा उपयोग प्रतिपक्षाला दोष देण्यासाठी झाला, तिला न्याय देण्यासाठी क्वचितच झाला. नांदेड-लातूरचा १९४८ चा अनुभव असे सांगतो की, चांगला सेनानी आणि प्रामाणिक चौकशी समिती या दोन्ही गोष्टी उपलब्ध असूनही स्वतंत्र तक्रारयंत्रणेअभावी न्याय घडत नाही. कायद्याने या गुन्ह्याला स्वतंत्र नाव देण्यास पासष्ट वर्षे लागली. त्या पिढीतील साक्षीदार आता अत्यल्प उरले आहेत. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी तालुका कचेऱ्यांची दप्तरे, जुने फौजदारी अभिलेख आणि कुटुंबांतील मौखिक आठवणी पीडितांची नावे गुप्त ठेवून संकलित केल्यास मुक्तिसंग्रामाच्या इतिहासाला बाधा येणार नाही. उलट तो अधिक पूर्ण होईल.