गिरणगावाच्या पाच मागण्या

२३ सप्टेंबर १८८४ रोजी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरली. तीनच दिवसांनी, २६ तारखेला, पुन्हा भरली. सभा बोलावणारे नारायण मेघाजी लोखंडे एके काळी गिरणीत स्टोअरकीपर होते आणि आता ‘दीनबंधू’ हे पत्र चालवत होते. कारखान्यांतल्या स्थितीची चौकशी करायला मुंबई सरकारने कमिशन नेमलं होतं. कमिशन आपल्याला विचारेल याची वाट न बघता कामगारांनी स्वतःच अर्ज तयार केला आणि त्यावर साडेपाच हजार सह्या झाल्या.

अर्जात पाच मागण्या होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. आणि कामावर जबर जखम झाली तर बरं होईपर्यंत पगार, कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय. पगारवाढीचा शब्दही नाही! गिरणी कशी चालवावी, याचा विचार रोज तिथे उभं राहणाऱ्या माणसांनी केला होता आणि तो त्यांनी नेमका मांडला होता.

पगाराच्या तारखेचंच बघा. महिना भरल्यावरही पगाराला आठवडेच्या आठवडे लागत. तोवर कोकणातून, घाटावरून एकटाच आलेला माणूस खानावळीत उधारीवर जेवणार, वाण्याकडे खातं वाढवणार, नड आली की सावकाराचं व्याज भरणार. शिवाय अडकलेला पगार बुडेल या धास्तीने नोकरी सोडायचीही चोरी. तारीख ठरवून द्या, या एवढ्याशा मागणीत कामगाराचा अख्खा संसार होता.

यातलं कधी काय मिळालं? रविवारच्या सुट्टीसाठी २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणं केली. त्या काळात हजारोंच्या जमावापुढे गिरणीतल्या बायकांनी उभं राहून बोलणं ही लहान गोष्ट नव्हती, आणि त्यांची नावं मराठी माणसाच्या तोंडी राहिली नाहीत याची खंत वाटते. १० जूनला मालकांच्या संघटनेने आठवड्याची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात सुट्टी आली, दुपारची विश्रांतीही आली. पुरुषांच्या कामाच्या तासांना मर्यादा मिळाली ती थेट १९११ मध्ये, तीही बारा तासांची. तोवर गिरण्यांत विजेचे दिवे आले होते आणि सूर्य मावळण्याचा कामाशी संबंध उरला नव्हता. जखमेची भरपाई १९२३ च्या कायद्याने. पगाराची मुदत १९३६ च्या. अर्ज १८८४ चा, म्हणजे सर्वांत शेवटी मिळालेल्या मागणीला ५२ वर्षं. लोखंडे १८९७ मध्येच प्लेगने गेले होते.

दरम्यान गिरणीच्या आत कामगाराचं म्हणणं वरपर्यंत नेणारा माणूस एकच होता : जॉबर. कामाला घेणारा तो, काढणारा तो, खाडा माफ करणारा तो आणि या सगळ्याची दस्तुरी घेणाराही तोच. बदली कामगार पहाटे भोंग्याच्या आधी फाटकाशी येऊन उभे राहत आणि जॉबर बोट दाखवेल तेवढेच आत जात. मॅनेजरला खात्यातली हकिगत कळायची ती याच माणसाच्या तोंडून. त्याच्याविरुद्धची तक्रार कुणी, कुणाकडे नेणार?

१९२८ मध्ये हे सगळं एकदम फुटलं. मालकांना विणकराने दोनाऐवजी तीन साचे, म्हणजे माग, सांभाळायला हवे होते. कागदावर हिशेब सोपा दिसतो. प्रत्यक्षात साचेखात्यात कानठळ्या बसवणारा आवाज; शेजारच्याशी बोलायचं तरी हातवारे करून. धागा तुटला की साचा थांबवा, टोक शोधा, गाठ मारा, पुन्हा सुरू करा. मजुरी विणलेल्या कापडावर, त्यामुळे साचा थांबला की मजुरीही थांबली. एका साच्यावर गाठ मारत असताना दुसऱ्यावरचं कापड बिघडलं तर तो खराब तागा विणकराच्याच गळ्यात मारत आणि किंमत पगारातून कापत. तीन साचे परवडतील का, कोणत्या सुतावर परवडतील, हे विणकराइतकं कुणाला ठाऊक असणार! त्याला कुणी विचारलं नाही. एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगारांनी गिरण्या बंद ठेवल्या.

संप मिटला आणि त्या वर्षाच्या अखेरीस गिरणी कामगार युनियन, जिची सुरुवात तीन-सव्वातीनशे सभासदांवर झाली होती, पन्नास हजारांच्या पुढे गेली होती. तिने एक फार महत्त्वाचं काम केलं. गिरणीगणिक कामगारांच्या कमिट्या उभ्या केल्या. खात्यातली माणसं जॉबरला ओलांडून रोजच्या तक्रारी थेट मॅनेजरपुढे मांडू लागली. माझ्या मते, वरून कुणी न देता कामगारांनी स्वतः घडवलेली ती मुंबईतली खरी कामगार सल्लागार पद्धत होती. ती टिकली मात्र नाही. मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यासाठी युनियनच्या कम्युनिस्ट पुढाऱ्यांची धरपकड झाली, त्या वर्षीचा संप फसला आणि कमिट्याही मोडल्या.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर तीन कायदे आले. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने नोकरीचे नियम पक्के करण्याआधी कामगारांच्या हरकती मागवणं बंधनकारक केलं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी सरकारच्या आदेशाने दोन्ही बाजूंची वर्क्स कमिटी नेमायची तरतूद झाली. मुंबईच्या कापड गिरण्यांना मात्र १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागला. त्यानुसार मालकांशी बोलायचा हक्क एकाच ‘प्रातिनिधिक’ युनियनला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगारांचा कौल गुप्त मतदानाने घ्यायची सोय कायद्यात नव्हती.

त्याचा परिणाम १८ जानेवारी १९८२ ला दिसला. कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्यामागे सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. बोनस आणि पगाराइतकीच ठाम मागणी होती ती हा कायदा रद्द करण्याची. आमच्या वतीने कोण बोलणार हे आम्हाला ठरवू द्या, एवढंच म्हणणं. सरकार हललं नाही. गिरणगाव, म्हणजे गिरण्यांभोवतीची कामगार वस्ती, त्यात खचलं ते खचलंच, आणि गावी परतलेल्या घरांनी त्याची किंमत पुढे कित्येक वर्षं मोजली.

त्याच दशकात कुर्ल्याला वेगळंच घडत होतं. तांब्या-पितळेच्या नळ्या बनवणारी कमानी ट्यूब्ज १९८५ मध्ये बंद पडली. कामगारांनी युनियनच्या मदतीने स्वतःची सहकारी संस्था काढली, कारखाना आपल्याला चालवू द्या म्हणून योजना मांडली, स्वतःच्या पगारात कपात मान्य केली. सप्टेंबर १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. १९८९ मध्ये उत्पादन पुन्हा सुरू झालं. पुढे नव्वदच्या दशकात कारखाना परत अडचणीत आला, तरी फाटक उघडलं तेव्हा आत जाणारी माणसं यंत्रांवर काम करणारीही होती आणि संचालक मंडळावर आपली माणसं पाठवणारीही.