रोमन स्वयंपाकघरातील देव

रोमन लोकांचा धर्म म्हटला की संगमरवरी देवालये व ज्युपिटरच्या भव्य मूर्तीच आमच्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरीने त्यांचा घरगुती धर्मही जपून ठेविला आहे; आणि तो पुष्कळदा स्वयंपाकघराच्या भिंतीवर रंगविलेला आढळतो.

व्हेट्टी यांच्या घरातील चित्र प्रसिद्धच आहे. मध्यभागी मस्तकावरून टोगा घेतलेला ‘जीनियस’, म्हणजे गृहस्वामीची अधिष्ठात्री शक्ती. दोहों बाजूंस शिंगाच्या आकाराची पानपात्रे उंचावून नाचणारे दोन ‘लार’, म्हणजे घराचे रक्षक. आणि खाली नैवेद्याकडे सरपटणारा सर्प.

सुतोरिया प्रिमिजेनिया हिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घरातील चित्र याहून बोलके आहे. तेथे स्वयंपाकघरात देवांजवळ लहान आकृत्यांची एक रांग उजवा हात छातीशी धरून उभी आहे. ती त्या घरचीच माणसे असावीत, असे अभ्यासक मानतात. रोमन ‘फामिलिया’त दासदासीही मोडत. ज्यांना कायद्याने विवाहाचाही अधिकार नव्हता, त्यांना चुलीजवळच्या भिंतीवर घरचे म्हणून स्थान मिळाले. मात्र पूजा धन्याच्याच जीनियसची, हेही विसरून चालणार नाही.

तीन शतकांनंतर, इ. स. ३९२ मध्ये, सम्राट थिओडोसियसने लारांपुढे अग्नी पेटविण्यास व जीनियसला मद्य अर्पिण्यास बंदी केली. साम्राज्याच्या आज्ञेस घरातील या देवांची नावे घ्यावी लागली, यावरूनच त्यांची मुळे किती खोल गेली होती, हे आम्हांस उमगते.