पोलंडची येणे बाकी

दुसऱ्या महायुद्धावरच्या आपल्याकडील पुस्तकांत पोलंड बहुधा पहिल्या प्रकरणात येतो आणि तिथेच संपतो. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन फौजा सरहद्द ओलांडतात, १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा शिरतात आणि देश बुडतो. पण पोलिश माणसे लढायची थांबली नाहीत. दोस्त राष्ट्रांच्या आघाडीत त्यांनी काय घातले आणि पदरात काय पडले, हा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे.

पहिली जमा युद्धाआधीची. 'एनिग्मा' या जर्मन संकेतयंत्राची आतली रचना मारियान रेयेव्स्की या तरुण गणितज्ञाने, फ्रेंचांनी मिळवून दिलेल्या कागदांच्या मदतीने, डिसेंबर १९३२ मध्येच उलगडली होती. जुलै १९३९ मध्ये वॉर्साजवळ पोलिश अधिकाऱ्यांनी हे सारे ज्ञान ब्रिटिश व फ्रेंच तज्ज्ञांच्या हाती ठेवले. ब्लेचली पार्कमधले काम याच पायावर पुढे गेले. १९४० मध्ये ब्रिटनच्या आकाशातील लढाईत १४५ पोलिश वैमानिक होते. १८ मे १९४४ रोजी इटलीत माँते कॅसिनोच्या उद्ध्वस्त मठावर जनरल अँडर्स यांच्या सैनिकांनी पोलिश ध्वज लावला. त्या डोंगरावर त्यांचे नऊशेहून अधिक सैनिक पडले.

हे सैनिक कोण होते? त्यांतले बरेच जण पूर्व पोलंडचे. सोव्हिएत राजवटीने १९४०-४१ मध्ये तिथल्या असंख्य कुटुंबांना सायबेरियात आणि कझाकस्तानात हद्दपार केले होते. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली. १९४२ मध्ये ते इराणमार्गे बाहेर पडले. पुरुष सैन्यात गेले. बायका, मुले, म्हातारी माणसे मिळेल तिथे आसऱ्याला गेली. त्यांतली सुमारे पाच हजार माणसे १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन बसले. पोलंडचा एकही प्रतिनिधी तिथे नव्हता. पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे राहावा, असे ठरले. अँडर्सचे सैनिक तेव्हा इटलीत दोस्तांच्या बाजूने लढतच होते. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ८ जून १९४६ च्या लंडनमधील विजयसंचलनाला त्यांच्या सेनादलांपैकी फक्त २५ वैमानिकांना बोलावणे गेले. सोबत्यांना वगळले म्हणून त्यांनीही ते नाकारले.

पोलंड तेव्हा लाल सैन्याच्या ताब्यात होता. चर्चिलच्या हाती फारसे काही उरले नव्हते, हेही खरे. पण देणे फेडता येत नाही म्हणून ते देणे नव्हतेच असे होत नाही. दोस्तांनी निदान त्याची नोंद तरी ठेवायला हवी होती.

वळिवड्याची छावणी १९४८ मध्ये रिकामी झाली. कित्येकांचे गाव आता पोलंडमध्ये उरले नव्हते, म्हणून अनेक जण ब्रिटनकडे गेले. त्याच जागी फाळणीत घर गमावलेले सिंधी निर्वासित राहायला आले. आजचे गांधीनगर ते हेच.