खिबिनीची झाडे

उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे, ६७ अंश अक्षांशाच्याही वर, रशियाच्या कोला द्वीपकल्पात खिबिनी नावाचे डोंगर आहेत. हिवाळ्यात तेथे काही आठवडे सूर्य उगवतच नाही. अशा जागी १९३१ साली निकोलाय अव्रोरिन या पंचविशीतल्या शास्त्रज्ञाने वनस्पती उद्यान काढले. त्याची वाटचाल पाहायची तर आधी शेजारच्या खाणीकडे वळले पाहिजे.

भूगर्भशास्त्रज्ञ फेर्समान यांच्या तुकड्यांना १९२० नंतरच्या दशकात येथे अ‍ॅपेटाइट सापडले. आपल्या शेतकऱ्याच्या ओळखीचे सुपर फॉस्फेट ज्यापासून करतात, तोच हा दगड. त्यासाठी उजाड माळावर खिबिनोगोर्स्क हे शहर उठले. १९३४ साली किरोव यांचा खून झाल्यावर त्याला किरोव्स्क हे नाव मिळाले. ते उभारले कोणी? शेतीच्या सामुदायिकीकरणात ज्यांची जमीन व घरदार हिरावले गेले, अशी हजारो शेतकरी कुटुंबे १९३० पासून येथे सक्तीने आणण्यात आली. सरकारी भाषेत ती 'विशेष वसाहतकरी'. तंबूंत आणि लाकडी चाळींत राहून त्यांनी खाणी खणल्या. लहान मुले रोगराईने गेली. आमच्या चळवळीतल्या पुष्कळांना हे ऐकणे आजही जड जाते. म्हणूनच मी ते येथे सांगतो.

आता झाडांकडे येऊ. झाड थंडीने मरते, अशी आपली समजूत. वास्तविक घात होतो तो आखूड उन्हाळ्यामुळे. दक्षिणेकडून आणलेले रोप दिवस लहान झाला की वाढ थांबवते. येथे दिवस मावळतच नाही, म्हणून ते वाढतच राहते आणि कोवळ्या फांद्यांवर हिमकडाका येऊन पडतो. तेव्हा एकाच जातीचे बी कोणत्या मुलखातले, याला फार महत्त्व. बी पेरायचे, नोंद ठेवायची, आणि अनेक हिवाळे पाहून मगच ते झाड शहराला द्यायचे, अशी ही कामाची रीत. रोपाला इतकी सवड मिळाली. माणसांना आणताना मात्र ती कोणी दिली नाही.

त्या परगण्यातील शहरांत आज हंगेरियन लायलॅकची झुडपे रस्तोरस्ती दिसतात. मूळची ती कार्पेथियन डोंगरांतली. किरोव्स्कच्या बागेने ती तेथे रुळवली. उन्हाळा भरात आला की त्यांना जांभळे तुरे येतात.