मऊ कातड्याचा हिशेब

मराठींत पैसा कमावतात, शरीर कमावतात, गवई आवाज कमावतो, आणि कातडेंही कमावतात. एकच क्रियापद इतक्या ठिकाणीं लागावें यांत भाषेचें शहाणपण आहे असें आम्हांस वाटतें. जनावराच्या अंगावरून काढलेलें कातडें ओलें ठेवलें तर कुजतें आणि वाळवलें तर फळीसारखें ताठ होतें. जुन्या देवघरांतील, घडी घालूं जातां कडकड वाजणारें मृगाजिन ज्यांनीं हाताळलें असेल त्यांस हें निराळें सांगावयास नको. असल्या ताठ कातड्याचें अंगावर घेण्याजोगें मऊ पांघरूण कोणीं केलें, आणि त्या श्रमाचा हिशेब कोणीं ठेवला, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच विचारला जातो. उत्तर अमेरिकेच्या मैदानांत मात्र या प्रश्नाशीं एका प्राण्याचें जगणेंमरणें निगडित होतें. म्हणून तेथील हकीकत वाचकांपुढें ठेवतों.

रॉकी पर्वताच्या पूर्वेस पसरलेल्या गवताळ प्रदेशांत लकोटा, शायेन, ब्लॅकफूट इत्यादि लोक राहत. खांद्यावर दाट केस असलेला बायसन, म्हणजे आपल्या गव्याचा दूरचा भाईबंद, हेंच त्यांचें अन्न, वस्त्र आणि घर. शिकार पुरुषांची आणि कातडें बायकांचें, अशी वांटणी होती. बायका कातडें जमिनीवर खुंट्यांनीं ताणून त्यास चिकटलेलें मांस खरवडून काढीत. मग एल्क नांवाच्या मोठ्या हरणाच्या शिंगाची वांकडी मूठ असलेल्या हत्यारानें तें तासून सारखें पातळ करीत. पांघरूण करावयाचें असल्यास केस तसेच राखीत, आणि आंतल्या बाजूस जनावराचा मेंदू व चरबी चोळीत. मेंदूंत लेसिथिनसारखीं द्रव्यें असतात. त्यांच्या योगें तेल व पाणी एकजीव होऊन स्निग्धता आंतपर्यंत मुरते, असें आजचें रसायनशास्त्र सांगतें.

परंतु नुसत्या मेंदूनें कातडें मऊ होत नाहीं. वाळतांना कातड्याचे तंतू एकमेकांस चिकटतात. ताठरपणा म्हणजे हें चिकटणेंच. तें टाळावयाचें तर वाळण्याच्या त्या घटकांत कातड्याला उसंत देतां कामा नये. ओढावें, ताणावें, पिळावें, तांतेच्या दोरावरून पुढेंमागें घासावें, आणि हें सर्व तें पूर्ण कोरडें होईपर्यंत. मध्येंच हात थांबला कीं तेवढा भाग ताठ राहिलाच. मग पुन्हा भिजवा, पुन्हा चोळा, पुन्हा ओढा. एका पांघरुणामागें कित्येक दिवस जात. आपल्याकडे ढोर समाजानें हिरडा व बाभळीची साल वापरून पिढ्यान्‌पिढ्या कातडीं कमावलीं. त्याही कामांत मनगटाला सुटका नव्हती. आम्हां पांढरपेशांना त्या हातांनीं केलेली वस्तु ठाऊक, हात ठाऊक नाहींत.

1832 सालीं ‘यलोस्टोन’ नांवाची आगबोट मिसूरी नदींतून फोर्ट युनियनपर्यंत पोंचली, आणि जड पांघरुणांचे गठ्ठे पूर्वेकडे नेणें सोपें झालें. मागणी वाढली. घोडा व हत्यार हातीं असलेल्या पुरुषास एका दिवसांत अनेक जनावरें मारतां येत. पण पांघरुणें मात्र बायकांच्या हातांनीं जेवढीं मऊ होतील तेवढींच. या अडचणीवर पुरुषांनीं काढलेला तोडगा ऐकून आश्चर्य वाटूं नये: ब्लॅकफूट लोकांत सधन पुरुष पूर्वीपेक्षां अधिक बायका करूं लागले. व्यापाराची भरभराट झाली ती अशी. ज्यांना या व्यापारांत केवळ साहस दिसतें त्यांनीं हेंही ध्यानांत घ्यावें.

तथापि या बायका निव्वळ राबत होत्या असें मानणें हाही अन्यायच होईल. आपला हिशेब त्यांनीं स्वतःच ठेवला होता. सू लोकांच्या बायका, ज्यांत लकोटाही येतात, आपल्या तासणीच्या शिंगाच्या मुठीवर ठिपके कोरीत. एका बाजूस काळे, दुसऱ्या बाजूस तांबडे. एक काळा ठिपका म्हणजे कमावलेलें एक पांघरूण. एक तांबडा म्हणजे दहा कातडीं किंवा एक तंबू. शंभर पांघरुणें अथवा दहा तंबू पुरे झाले कीं मुठीच्या बुडाशीं वर्तुळ कोरण्याचा मान मिळे. मिनेसोटांतील लिटल रॅपिड्स येथें सांपडलेल्या, अशाच खुणा असलेल्या आरीच्या एका मुठीवरून पुराणवस्तुसंशोधक जॅनेट स्पेक्टर यांनीं 1993 सालीं एक सबंध पुस्तक प्रसिद्ध केलें. दप्तरें पुरुषांचीं असलीं तरी अशी एखादी मूठ पुष्कळ बोलून जाते.

1871 च्या सुमारास सारेंच फिरलें. बायसनच्या जाड कातड्यापासून बुटांचे तळवे व यंत्रांचे पट्टे यांस योग्य असें चामडें करण्याची युक्ति कारखान्यांस साधली. आतां मऊ पांघरूण नको होतें. उन्हांत वाळवलेलें ताठ कच्चें कातडेंच हवें होतें, आणि तें आगगाडीनें वाटेल तितकें नेतां येई. गोरे शिकारी कातडें सोलून मांस जागींच टाकून देऊं लागले. पांघरुणांच्या व्यापारानें, दुष्काळानें आणि चराईवरील ताणानें कळप आधींच रोडावले होते, हें खरें. पण हातांच्या श्रमाची जी मर्यादा शिकारीवर होती ती एकदम नाहींशी झाली. दक्षिणेकडील कळप त्याच दशकांत संपले, उत्तरेकडील 1883 च्या सुमारास. जेथें लाखों जनावरें चरत तेथें कांहीं शेंकडे उरलीं.

ठिपके कोरलेल्या त्या मुठी अमेरिकेंतील संग्रहालयांत आजही पाहावयास मिळतात. किती पांघरुणें झालीं तें त्यांवर मोजतां येतें. कोरणारीचें नांव मात्र बहुधा नोंदलेलें नसतें.