विमानाचा गोठा : किल डेव्हिल हिल्स येथील राइट बंधूंच्या शेडी

‘हँगर’ हा शब्द मराठीत विमानाच्या पाठोपाठ आला. देवनागरीत लिहिला असता तो कपडे अडकविण्याच्या हँगरहून निराळा दिसत नाही. त्यामुळे विमान जेथे ‘टांगून’ ठेवतात ते हँगर, अशी एक समजूत सहज होते. ही निव्वळ लोकव्युत्पत्ती होय. मूळ शब्द फ्रेंच असून त्याचा इंग्रजी टांगण्याशी काही संबंध नाही. घराभोवतालचे कुंपण अशा अर्थाच्या एका जुन्या जर्मानिक समासापर्यंत बहुतेक कोशकार त्याचे मूळ नेतात; घोड्यांना नाल ठोकण्याच्या छपरीच्या मध्ययुगीन लॅटिन नावाशी तो जोडणारा दुसराही एक पक्ष आहे. ते काही असले तरी विमानाचा जन्म होण्यापूर्वी कितीतरी काळ हा शब्द गाड्या व अवजारे ठेवण्याच्या साध्या छपरीस लावीत असत. इंग्रजीत थॅकरे याच्या १८५२ मधील ‘हेन्री एस्मंड’ या कादंबरीत तो येतो, आणि तेथे विमानाचा प्रश्नच नव्हता.

शब्द तोच राहून त्याच्या आतले जनावर बदलावे, हा प्रकार भारतीय अभ्यासकास नवा नाही. ‘गोष्ठ’ म्हणजे गाईंचे स्थान. परंतु त्यातील गाय पुढे इतकी विसरली गेली की, म्हशींच्या जागेला ‘महिषीगोष्ठ’ आणि खुद्द गाईंच्या जागेला ‘गोगोष्ठ’ अशी रूपे संस्कृत वैयाकरणांना साधून द्यावी लागली. मराठी ‘गोठा’ याच वंशातला. तेव्हा विमानाचा गोठा म्हणणे हे थट्टेचे वाटले तरी शब्दशास्त्राच्या दृष्टीने गैर नव्हे. आणि आरंभीच्या हँगरांचे स्वरूप पाहता वस्तुस्थितीच्या दृष्टीनेही गैर नव्हे.

विमानविद्येच्या इतिहासात पंखांचा बाक, इंजिन आणि सुकाणू यांची चर्चा विपुल आहे. छपराची जवळजवळ नाही. वास्तविक विल्बर व ऑर्व्हिल या राइट बंधूंचे प्रयोग एका वर्षाकडून दुसऱ्या वर्षाकडे जाऊ शकले, याचे बरेचसे श्रेय त्यांनी स्वहस्ते उभारलेल्या स्वस्त लाकडी शेडींस द्यावे लागते. १९०० साली उत्तर कॅरोलायना राज्याच्या किनाऱ्यावरील किटी हॉक येथे ते प्रथम गेले, तेव्हा त्यांच्याजवळ केवळ एक तंबू होता. हंगाम संपल्यावर ग्लायडर तेथेच टाकून त्यांना परतावे लागले. त्याच्या पंखांवरील सॅटीनच्या कापडाचे तेथील टेट कुटुंबातील गृहिणीने आपल्या मुलींसाठी झगे शिवले. कापडाचे सार्थक झाले, पण यंत्राचे आयुष्य एका हंगामाचेच ठरले.

१९०१ च्या जुलैत त्यांनी किटी हॉकच्या दक्षिणेस सुमारे ४ मैलांवर, किल डेव्हिल हिल्स या वाळूच्या टेकड्यांजवळ पहिली शेड बांधली. तिची लांबी २५ फूट, रुंदी १६ फूट व वळचणीची उंची ७ फूट होती. त्या वर्षीच्या ग्लायडरच्या पंखांचा विस्तार २२ फूट होता. म्हणजे घराचे माप यंत्राने ठरविले, माणसांनी नव्हे. माणसे त्या हंगामात तंबूतच झोपत. या बांधणीतील खरी युक्ती दारात होती. छोट्या हँगरात भिंती व छप्पर ही सोपी कामे. अवघड असते ते दार, कारण यंत्र आत घ्यावयाचे तर जवळजवळ एक संपूर्ण भिंतच हलती करावी लागते. राइट बंधूंनी शेडीच्या दोन्ही टोकांच्या भिंती वरच्या कडेस बिजागऱ्यांवर लटकविल्या. त्या उचलून खाली टेकू दिला की दार उघडे आणि त्याचीच पुढे सावली देणारी पडवी तयार. एका लाकूडकामात दोन गरजा भागल्या. ऑर्व्हिलने घरी पाठविलेल्या पत्रात या सोयीचे कौतुक केले आहे आणि ते अस्थानी नाही.

वाऱ्याचा हिशेब मात्र चुकला होता. उड्डाणासाठी जो वारा हवा म्हणून ही जागा निवडली, त्यानेच शेडीखालची वाळू उपसून नेली. १९०२ मध्ये बंधू परतले तेव्हा दोन्ही टोके मध्यभागापेक्षा सुमारे २ फूट खचून आढ्याला उंटाच्या पाठीसारखा बाक आला होता. त्यांनी इमारत उचलून सरळ केली, राहण्यासाठी भाग वाढविला आणि निजण्याची सोय वर वाशांलगत केली. त्या वर्षीचे ग्लायडर हंगामानंतर शेडीत ठेवण्यात आले, आणि १९०३ च्या शरदात तेच दुरुस्त करून बंधूंनी पुन्हा सराव केला. इंजिनाचे यंत्र जोडले जात असताना त्यांचा हात चालता राहिला, तो या जुन्या ग्लायडरवर. १९०० च्या तंबूत हे शक्य नव्हते.

१९०३ च्या यंत्रासाठी दुसरी शेड बांधली गेली, ती ४४ फूट लांब व १६ फूट रुंद. यंत्राच्या पंखांचा विस्तार ४० फूट ४ इंच होता. दोन्ही टोकांना मिळून ४ फूटही जागा उरत नव्हती. छपरावर डांबरी कागद खिळ्यांनी ठोकलेला होता. ऑक्टोबरातील वादळात वाऱ्याचा वेग ताशी ७५ मैलांपर्यंत गेला व हा कागद उचलला जाऊ लागला, तेव्हा ऑर्व्हिल शिडी लावून वर चढला. वाऱ्याने त्याचा कोट उलटून डोक्यावर आला, हातोडा व खिळे कोटाच्या खिशात अडकले, आणि विल्बरला कोट धरून ठेवण्यासाठी मदतीस धावावे लागले. प्रसंग विनोदी म्हणून सांगितला जातो. पण छप्पर गेले असते तर ते वर्षही गेले असते.

छपराबाहेर काय घडू शकते, हे १७ डिसेंबर १९०३ रोजी दिसलेच. चौथे उड्डाण ५९ सेकंदांचे व ८५२ फुटांचे झाले. त्यानंतर यंत्र उघड्यावर उभे असता वाऱ्याचा एक झोत आला आणि ते उलथले. जॉन डॅनियल्स नावाचा साह्यकर्ता त्यात अडकून फरफटत गेला. तो वाचला, यंत्र मात्र पुन्हा उडाले नाही.

याच काळात प्राध्यापक लँग्ली यांचे यंत्र पोटोमॅक नदीवरील एका मोठ्या नौकागृहात ठेवलेले होते व त्याच्या छपरावरूनच ते फेकले जाई. लँग्ली यांस युद्धखात्याने ५०,००० डॉलर दिले होते. राइट बंधूंचा १९०३ पर्यंतचा सारा खर्च प्रवासासह १,००० डॉलरांच्या आतबाहेर धरला जातो. नौकागृह अधिक चांगले होते, यात शंका नाही. लँग्ली यांचे यंत्र १९०३ च्या ऑक्टोबरात एकदा व डिसेंबरात पुन्हा पाण्यात पडले, हा दोष अर्थात निवाऱ्याचा नव्हे. पण उत्तम निवाऱ्याने उड्डाण साधत नाही आणि सामान्य निवाऱ्याने अडतही नाही, एवढे या दोन उदाहरणांवरून म्हणता येते; निवाराच नसेल तर मात्र अडते.

१९०४ मध्ये डेटनजवळच्या हफमन प्रेअरी या कुरणात बंधूंनी आणखी एक शेड उभारली. मालकाने भाडे घेतले नाही. गाईगुरे मात्र उड्डाणापूर्वी हाकलावी लागत. येथे गोठा व हँगर यांतील अंतर अगदीच थोडे उरले होते.

१९०८ च्या एप्रिलात विल्बर किल डेव्हिल हिल्सला परतला, तेव्हा जुन्या शेडी मोडकळीस आलेल्या होत्या. पुन्हा फळ्या आणवून नवी शेड बांधावी लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फ्रान्समधील ल मान्सजवळ त्याने जाहीर उड्डाणे केली. यजमानांनी राहण्याची चांगली सोय देऊ केली असताही तो रात्री लाकडी शेडीत, यंत्राच्या शेजारीच झोपत असे. फ्रेंचांच्या भाषेत त्या जागेला नाव आधीपासून तयारच होते.