मातीतले मूळचे रहिवासी

तेल खाणारा जिवाणू म्हटले की आनंद मोहन चक्रवर्ती यांचे नाव निघते, आणि ते योग्यच आहे. बंगालमध्ये १९३८ साली जन्मलेले, कोलकात्यात शिकलेले हे शास्त्रज्ञ अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत संशोधन करीत होते. मातीत सर्रास आढळणाऱ्या स्युडोमोनास कुळातील निरनिराळे जिवाणू खनिज तेलाचे निरनिराळे घटक पचवतात. ही पचनशक्ती पेशीतील प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या कड्यांत असते. असे चार प्लास्मिड चक्रवर्तींनी एकाच जिवाणूत आणले आणि १९७२ साली पेटंटसाठी अर्ज केला. सजीवाचे पेटंट देता येईल काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला; १६ जून १९८० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल चक्रवर्तींच्या बाजूने लागला. जैवतंत्रज्ञान उद्योगाला त्यामुळे मोठे बळ मिळाले. पण तो गाजलेला जिवाणू प्रत्यक्ष तेलगळतीवर कधी सोडलाच गेला नाही!

त्याच १९७२ साली पेनसिल्व्हेनियातील ॲम्बलर येथे दुसरा, फारसा न गाजलेला प्रयोग चालू होता. तेथे वाहिनीतून गळालेले पेट्रोल भूजलापर्यंत मुरले होते. उपसून निघाले तेवढे काढले, तरी मातीच्या कणांना चिकटलेले राहिलेच. सन ऑइल कंपनीचे रिचर्ड रेमंड यांनी ते संपवण्यासाठी तेथलेच जिवाणू कामाला लावले. पेट्रोल पचवणारे जीव त्या मातीत होतेच. मात्र नुसत्या पेट्रोलवर त्यांची वाढ होत नाही. नत्र, स्फुरद आणि प्राणवायूही लागतो. म्हणून रेमंड यांनी अमोनियम व फॉस्फेटचे क्षार, म्हणजे शेतकऱ्याच्या ओळखीचे खतच, आणि हवा विहिरींतून खाली सोडली. पुढे १९८९ साली अलास्कात 'एक्झॉन व्हाल्डेझ' जहाजातून सुमारे १ कोटी १० लाख गॅलन तेल सांडले, तेव्हा किनाऱ्याच्या काही भागावर असेच खत टाकून तेथल्या जिवाणूंची भूक वाढवण्यात आली. आपल्याकडे टेरी संस्थेने 'ऑइलझॅपर' तयार केले, तेही भारतातल्याच तेलमिश्रित मातीतून निवडलेल्या जिवाणूंचे.

अर्थात या रहिवाशांच्या शक्तीला मर्यादा आहेत. तेलाचे ते पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करू शकतात. शिसे किंवा पारा हे मूलद्रव्यच असल्याने त्यांचे रूप बदलले तरी ते नाहीसे होत नाहीत. आणि गळती चालूच राहिली, तर कितीही खत घातले तरी जिवाणूंचे काम पुरे पडत नाही.